उपटलेल्या चार पिना

चि. खटपट्या,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (आता तू पन्नाशीला टेकलास, मंडळावर बसतोस, लोक तुला सर म्हणतात, तरी या घरात तुझं नाव हेच राहणार. ज्याने लहानपणी आईच्या शिलाई मशीनचं चाक का फिरतं हे बघायला ते खोललं आणि परत बसवताना एक स्क्रू शिल्लक ठेवला, त्याला दुसरं काय म्हणायचं? तो स्क्रू अजून बटणांच्या डब्यात आहे आणि मशीन त्याच्यावाचून चालतं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? वहिनींचा खोकला गेला का? मुलं वेळेवर जेवतात, की तीही तुझ्यासारखी स्क्रीनकडे बघत ताट चिवडत बसतात? इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे तुझ्या भावजींची कंबर, आईचे डोळे आणि तू पाठवलेला मॉनिटर, एवढं सोडलं तर सगळं ठीक आहे.

पत्र बघून तू चकित होशील, पण हे तूच ओढवून घेतलं आहेस. परवा फोनवर मी एका बाजूने सांगत होते, तुझे भावजी दुसऱ्या बाजूने सांगत होते आणि मधूनमधून आई विचारत होती की तू जेवलास का. तेव्हा तूच वैतागून म्हणालास की तुम्ही तिघं एकदम बोलता, मला काही कळत नाही, काय झालं ते पहिल्यापासून नीट क्रमाने लिहून पाठव. तर घे. क्रमाने लिहिते आहे. मध्येच क्रम सुटला तर सांभाळून घे. शिवणात टाका सुटला तर मागे जाऊन घालता येतो, पत्रात ती सोय नाही.

पार्सल आलं तेव्हा मी घरी नव्हते. कोटवाल्या गृहस्थांकडे माप घ्यायला गेले होते. (हे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. दर हिवाळ्यात आपला कोट कपाटात लटकल्या लटकल्या आटतो, असं त्यांचं ठाम मत आहे. मी दर वर्षी शिवण उसवून कोट सैल करून देते आणि त्यांच्या पोटाबद्दल एक अक्षर काढत नाही. धंदा असाच टिकतो.) तर घरी आईच होती. तिनेच पार्सल घेतलं आणि मी येईपर्यंत टेप कापून खोका उघडूनही ठेवला. तिची नजर अधू झाली पण कात्रीवरचा हात गेला नाही. मी आले तेव्हा ती खोक्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि मॉनिटरच्या काचेवरून हात फिरवत होती, आपण कापड बघताना फिरवतो तसा. मला म्हणाली, पन्हा मोठा आहे. खरंच मोठा आहे रे. आमच्या टेबलावर ठेवला तर कापड बेतायला जागा उरत नाही. मी म्हटलं, आता व्हिडिओ कॉलला तुझा लाडका यात ताटाएवढा दिसेल. त्यावर तिने आपली लोकरीची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मला वाटलं, आनंदाने विणायला बसते आहे.

मग मी खोका रिकामा केला. स्टँड निघाला, विजेची वायर निघाली, कुणीही न वाचण्यासाठी छापलेलं जाडजूड पुस्तक निघालं, आणि पुठ्ठ्यात एक खाच निघाली, लांबट, केबलच्या आकाराची. खाचेत केबल नव्हती. मी पुठ्ठे उलटेपालटे केले. तुझ्या भावजींनी पुस्तकसुद्धा झटकून बघितलं. तुला फोन केला तर तू शपथेवर सांगितलंस की मी स्वतः माझ्या हाताने ठेवली आहे, दोन्ही टोकांना पांढरं तोंड असलेली, डीव्हीआय म्हणतात ती, खास आपल्या जुन्या कॉम्प्युटरला चालेल अशी शोधून. मग काय, पार्सलवाल्यावर आळ गेला. तुझे भावजी त्यांच्या कचेरीत जाऊन असे तावातावाने भांडले की तिथल्या माणसाने त्यांना आधी पाणी दिलं आणि मग तक्रार लिहून घेतली. आई एवढंच म्हणाली, “राहू दे गं. तो आला की बघेल.”

इथे मी थांबायला हवं होतं. तू म्हणालास दुसरी केबल पाठवतो, थोडे दिवस लागतील. पण मला ते झोंबलं. जिचा भाऊ जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी सगळ्या पडद्यांशी कसं बोलावं याचे नियम करणाऱ्या मंडळावर बसतो (हे मी ट्रायलला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, तोंडात टाचण्या असतात म्हणून अर्धंच ऐकू जातं), तिला साधी एक केबल बाजारातून आणता येऊ नये? मी ऐटीत म्हटलं, तू तुझं मंडळ सांभाळ, आमचं आम्ही बघतो. आता वाटतं, जीभ जरा आवरली असती तर बरं झालं असतं.

बाजारात चौकापलीकडे एक दुकान आहे, वायरींचं. वायरी अशा लोंबतात की आत शिरताना वाकावं लागतं. दुकानदार मनाने चांगला आहे, पण कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं नाही असं त्याने कुणाला तरी वचन दिलेलं असावं. मी डीव्हीआय म्हटलं तर म्हणाला, ते आता कुणी घेत नाही, ही न्या, आता सगळीकडे हीच चालते. आणि एचडीएमआय नावाची केबल हातात ठेवली. मी मॉनिटरच्या पाठीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, हे बघा, आहे की भोक. होतं खरं. घरी आणून मॉनिटरमध्ये खोचली तर लोण्यात सुरी जावी तशी गेली. मग दुसरं टोक हातात धरून मी आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे वाकले, आणि वाकलेलीच राहिले. तिथे तसं भोकच नव्हतं. एका बाजूने लग्न ठरलेलं आणि दुसऱ्या बाजूला स्थळच नाही, अशी त्या केबलची गत झाली.

आणि हा जाब मला तुझ्या मंडळाला विचारायचा आहे, तू तो बैठकीत माझ्या वतीने मांडावास. तुम्ही इतकी वर्षं चकचकीत खोल्यांत बसून सगळ्यांचं मिळून एक भोक ठरवताय, आणि आमच्या मॉनिटरच्या पाठीला भोकं पाहावीत तर एकाला एक भेटत नाही. एक रुंद, दात विचकलेलं. एक चपटं, खालून निमुळतं. एक तसंच, पण एकच कोपरा कापलेला. आमच्या धंद्यात बटण आधी बघतात आणि त्याच्या मापाचं काज करतात, एवढा एकच नियम आहे. तो आईने मला सांगितला, आईला तिच्या आईने सांगितला, आणि कुणीही त्यासाठी विमानाने कुठे गेलं नाही.

दुसऱ्या खेपेला दुकानदाराने कापलेल्या कोपऱ्याची केबल दिली. डिस्प्लेपोर्ट. हिचंही एकच टोक बसलं, ते सांगायला नकोच. पण ही आणखी पुढची निघाली. बसली ती निघेना. तू नंतर सांगितलंस की तिच्या डोक्यावर बारीक बटण असतं, ते दाबून ओढायचं असतं. ही गोष्ट आधी माहीत असणं आणि नंतर कळणं यात बराच फरक पडतो. त्या वेळी तुझे भावजी एक पाय टेबलाला लावून केबल ओढत होते, आणि कोटवाले गृहस्थ आरशासमोर कच्च्या टाक्यांच्या कोटात हात पसरून उभे होते. केबल सुटली नाही. मॉनिटरच टेबलावरून चालत निघाला. पडणार एवढ्यात त्या भल्या माणसाने झेप घेऊन तो पोटाशी धरला (त्या पोटाला मी यापुढे मनातसुद्धा नावं ठेवणार नाही), पण उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवली आणि भावजी मागच्या मागे कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. कंबर तेव्हा गेली. कोट परत शिवून दिला. आई आतल्या खोलीतून म्हणाली, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग राहू दे, तो आला की बघेल.

तरीही मी हार मानली नाही. तिसऱ्या खेपेला मी दुकानदाराला निक्षून सांगितलं की आमच्या जुन्या, मेलेल्या मॉनिटरची वायर घरात आहे, निळ्या तोंडाची, ती आमच्या कॉम्प्युटरला बसते. आता या नव्याला ती बसेल असं काहीतरी द्या. त्याने खणातून एक ठोकळा काढला. एका बाजूला निळं, दुसऱ्या बाजूला पांढरं. अडॅप्टर. निळ्याचं पांढरं करून देतो, म्हणाला. मला तो ठोकळा बघताक्षणी आवडला. आमच्यातही असं असतं, चेन बसत नसेल तर मध्ये पट्टी जोडायची. घरी आले, निळी वायर निळ्या बाजूला लावली, स्क्रू पिळले, आणि पांढरी बाजू मॉनिटरच्या रुंद भोकाला भिडवली. तीन बाजूंनी अगदी बेतात. चौथ्या बाजूला आत जाईना.

चष्मा बदलून बघितलं तेव्हा कळलं. ठोकळ्याच्या एका कडेला एक चपटी पट्टी होती आणि तिच्या भोवती चार जास्तीच्या पिना, दोन वर दोन खाली. मॉनिटरच्या भोकात पट्टीला खाच होती, पण त्या चार पिनांना जागाच नव्हती. बाकी सगळ्या पिना आपापल्या भोकांसमोर शहाण्यासारख्या उभ्या. या चारच आडव्या येत होत्या.

आता तूच सांग, माझ्यासारखीने काय करायचं? मी जन्मभर दुसरं केलंय काय? अस्तर डोकावलं, काप. धागा लोंबला, ओढ. शिवणीच्या आत जाडी झाली, चार टाके उसव आणि दाब. जे मापात बसू देत नाही ते काढायचं, हे माझ्या हातांना डोक्याआधी कळतं. मी मशीनच्या खणातून दोरे ओवायचा चिमटा काढला, ठोकळा दिव्याखाली धरला, आणि एकेक करून त्या चारही पिना उपटल्या. सहज निघाल्या. तुझे भावजी म्हणाले, विचारून घेऊया का त्याला? मी म्हटलं, तुमच्या कंबरेचं विचारा आधी.

आणि ठोकळा बसला. असा बसला, जणू मीच मापाने शिवला होता. मी दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले, आईला हात धरून आणलं, समोर खुर्चीत बसवलं, तिचा चष्मा पदराने पुसून दिला आणि बटण दाबलं. दिवा लागला. काळ्या पडद्यावर मधोमध एक चौकोन आला, त्यात दोन शब्द. ‘सिग्नल नाही.’ चौकोन थोडा वेळ इकडून तिकडे फिरला आणि पडदा झोपला. आईने विचारलं, आला का तो? मी म्हटलं, येतोय. बराच वेळ येतोय म्हणत राहिले.

मग तुला फोन केला. तू आधी शांतपणे एकेक विचारत होतास. कुठली वायर, कुठला ठोकळा, कसा बसला. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आधी बसत नव्हता, मी बसवला. कसा, म्हणून विचारलंस. मी सांगितलं. त्यानंतर तू इतका वेळ गप्प राहिलास की मला वाटलं तिकडचाही सिग्नल गेला.

“ताई,” तू म्हणालास, “त्या निळ्या वायरीतलं चित्र त्या चार पिनांतूनच जातं.”

एकीतून लाल, एकीतून हिरवा, एकीतून निळा, आणि चौथी सांगते की आता नवी ओळ सुरू कर. बाकीच्या इतक्या पिना आमच्या जुन्या वायरीच्या जवळजवळ काही कामाच्या नव्हत्या. मी अख्ख्या ठोकळ्यातून नेमकं तेवढंच उपटून काढलं होतं जे कामाचं होतं. आणि न उपटता बसला असता तरी फायदा नव्हता, कारण त्या मॉनिटरने तिथे जागाच ठेवली नव्हती, तो त्या भोकातून जुन्या पद्धतीचं चित्र घेतच नाही, हेही तू सांगितलंस. ते माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलंस, हे मला कळलं. झालं नाही. त्या चार पिना मी टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवल्या आहेत. येता जाता दिसतात. लाल, हिरवा, निळा आणि नवी ओळ. रंगांवर पोट असलेल्या बाईने हे करावं, याची मला फार लाज वाटते रे.

पण हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच आहे. पुढचं नीट वाच, घाईत वाचू नकोस.

तू मागे एकदा मला समजावलं होतंस की केबल जोडल्याबरोबर चित्र येत नाही. आधी पडदा कॉम्प्युटरला सांगतो की मी एवढा लांब, एवढा रुंद, मला एवढं झेपतं. कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि तेवढंच पाठवतो. तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. आता वाटतं, आई तुझ्याशी हेच करते आहे. दर फोनला सांगते की डोळे बरे आहेत, थोडं धूसर आहे, वयाचं आहे. तू तेवढं धरून चालतोस आणि तेवढ्याच मापाचं पाठवतोस. मी शेजारी उभी असते आणि काही बोलत नाही, कारण ती माझा हात दाबून धरते. थोडं धूसर नाहीये ते. समोर जे असतं, नेमकं तेच तिला दिसत नाही. मधोमध डाग आहे आणि कडेकडेचं तेवढं उरलं आहे. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या खांद्यापलीकडे बघते. नव्या माणसाला वाटतं, म्हातारीचं लक्ष नाही. सगळं लक्ष असतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कडेचंही हळूहळू जाणार, किती दिवस ते त्या सांगू शकत नाहीत, आणि बघायचं ते बघून घेऊ द्या. फोनवरचा तुझा चेहरा तिला बटणाएवढासुद्धा कळत नाही. ती नुसती आवाजाच्या दिशेने हसते.

म्हणून मी त्या केबलमागे अशी हात धुऊन लागले होते. माझा हट्ट होता, मिरवायचं होतं, ते आहेच. पण तिला तू एकदा धड दिसावास, असं मला फार वाटत होतं, आणि ते करायला गेले तर माझ्याच हाताने घोटाळा झाला. तू पाठवलेल्या मॉनिटरचे मी हाल केले, भावजींची कंबर घालवली, आणि जे थोडे दिवस हाताशी आहेत त्यातले कितीतरी त्या वायरींच्या दुकानात वाकून घालवले. तू रागावला नाहीस हेच मला लागलं. दोन शिव्या घातल्या असत्यास तर मोकळं वाटलं असतं.

तरी आता एवढंच कर. मंडळाच्या कामातून वेळ काढून ती पांढऱ्या तोंडाची केबल आणखी एक पाठव, सगळ्यात लवकर पोचेल अशा पार्सलने. दोन पाठवल्यास तर बरंच. मी कशालाही चिमटा लावणार नाही. कॉम्प्युटरच्या मागचं पांढरं भोक मी शोधून ठेवलं आहे, तूच कधीतरी त्यावर धूळ बसू नये म्हणून टोपण लावून गेला होतास, म्हणून मला ते दिसलं नव्हतं. टोपण काढलं आहे. आत अजिबात धूळ नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. गुडघ्याला जप.

तुझी,
ताई

ता. क. पत्र घडी करून पाकिटात घालणार तेवढ्यात आईने शालीचं सुटलेलं टोक विणायला लोकर मागितली. तिची लोकरीची पिशवी मी कधी उघडत नाही, ती कुणाला हात लावू देत नाही. आज ती बटणं निवडत बसली होती म्हणून म्हणाली, तूच घे. मग लगेच म्हणाली, नको, थांब, मी घेते. तोवर माझा हात आत गेला होता. राखाडी लोकरीच्या गुंड्याखाली केबल होती. दोन्ही टोकांना पांढरं तोंड. नीट आठाच्या आकारात गुंडाळलेली आणि कापडाच्या काठाच्या चिंधीने बांधलेली, वर तीच दुहेरी गाठ, जी मला आजवर कधी जमली नाही आणि या घरात फक्त तिलाच येते. काखेत कळसा म्हणतात तो इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. पार्सलवाल्याची माफी मागायला भावजींना पाठवते आहे. तक्रारही मागे घ्यायला सांगितली आहे. (वरचं सगळं फाडून नवं लिहायला हवं, पण चार पिनांचं दुसऱ्यांदा लिहायचा मला धीर नाही. राहू दे तसंच.)

ता. क. २. मी तिला विचारलं. रागावून नाही विचारलं, नुसतं केबल तिच्या हातात ठेवली. तिने चाचपून गाठ बघितली, सुटली नाही ना ते. मग बटणं निवडत निवडत म्हणाली,

“तो पडदा लागला, की तो म्हणेल, दिसलो ना आईला. मग यायचं कशाला त्याने?”

मी म्हटलं, अगं पण डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन काय म्हणाल्या, ते तुला माहीत आहे का? ती म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच. उरलेलं काचेवर घालवायचं नाही मला. आणि मग मोठं चार भोकांचं बटण एका वाटीत टाकलं आणि लहान दुसऱ्या वाटीत. मी केबल परत गुंड्याखाली ठेवली. इतके दिवस मी चित्र आणण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते आणि ती शेजारच्या खोलीत बसून ते थांबवून धरत होती. तू येशील, एवढ्या एका भरवशावर. आम्हा दोघींना खरं काय हवंय, ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

ता. क. ३. तेव्हा केबल पाठवू नकोस. एकही नको. कुणी विचारलं तर मॉनिटर पार बिघडला आहे, फोनवरून सांगून दुरुस्त होण्यातला नाही, खटपट्याने स्वतः हात लावल्याशिवाय लागणार नाही. मंडळाला असंच सांग. भोक ठरायचं तेव्हा ठरेल. पिशवीतल्या केबलबद्दल तुला काही माहीत नाही, हे विसरू नकोस. ती आपणहून काढून देईल तेव्हा चकित हो. आणि आल्यावर सवयीने तिच्या अगदी समोर जाऊन बसू नकोस. जरा डाव्या बाजूला बस. ती तुझ्याकडे बघत नाहीये असं तुला वाटेल. तिथूनच तिला दिसतं.